अकरा गाड्या आणि ही एक

सोनागिरी कॉलनीतली ती पांढरी गाडी एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर चालली होती. एवढं कळल्यावर मी तिकडे फिरकायलाच नको होतं. चौतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली. आलेला माल तपासायचा आणि मापात नसेल तर परत पाठवायचा, हेच माझं काम. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली आणि मी अवधपुरीच्या घरात अडकून पडलो. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी बंगळुरूला. ती फोनवर म्हणायची, "बाबा, टॅक्सी बोलवत जा ना." टॅक्सी बोलवायला आधी कुठेतरी जायचं असावं लागतं. दूधवाल्याला "आधा लिटर" म्हटलं की माझं त्या दिवसाचं बोलणं संपायचं. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला झाली नाही.

गाडीची खबर आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. कारखान्यातल्याच एकाची गाडी होती. तो वर्षापूर्वी गेला, आता त्याची बायको पुण्याला मुलाकडे राहायला निघाली होती. मी त्याला ओळखत नव्हतो. जाऊन बघून येऊ, बघायला काय जातं, असं स्वतःला सांगून मी जुनी तपासणीची पिशवी काढली.

या पिशवीची एक कथा आहे, आणि ती माझ्या फायद्याची नाही. बायकोला गाडी हवी होती. फार मोठी अपेक्षा नव्हती तिची. पुढच्या सीटवर मांडी घालून बसायचं, काच खाली घ्यायची आणि अमरावतीला बहिणीकडे जायचं, एवढंच. त्यासाठी मी लायसन काढलं, साइटवर कारखान्याची जीप चालवून हात बसवला आणि ही पिशवी घेऊन सेकंडहँड गाड्या बघायला लागलो. पंधरा वर्षांत अकरा बघितल्या. एकीच्या दाराचा पोचा पुट्टीने बुजवलेला होता, एकीचा क्लच वर पकडत होता, एकीच्या डॅशबोर्डमध्ये बारीक खडखड होती. त्या खडखडवालीचे तर साठ हजारच किलोमीटर झाले होते. पहिल्या वेळी बायको चांगली साडी नेसून आली होती. चौथ्या-पाचव्या वेळेपासून घरच्याच साडीवर यायला लागली. अकराव्या वेळी चपलासुद्धा घातल्या नाहीत. म्हणाली, "तुम्हीच जा आणि नापास करून या." मी गेलो आणि नापास करून आलो.

सोनागिरीला त्या गेलेल्या माणसाच्या बायकोने, वहिनींनी, दार उघडलं तेच मराठीतून. "या न भाऊ, गाडी धुऊनच ठेवली आहे." नागपूरकडचं बोलणं. या हिंदी शहरात कुणाच्या घरात मराठी ऐकून मला बरं वाटलं, पण ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तपासणीला आलेल्या माणसाने आधीच खूश होऊ नये.

मी दीड तास घेतला. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या पत्र्यावरून फिरवलं; पुट्टी असेल तिथे ते चिकटत नाही. इंजिन चालू करून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग बिघडलं असेल तर असं स्पष्ट ऐकू येतं. इंजिन बोलत होतं ते म्हाताऱ्या पण धडधाकट माणसासारखं. हे मला आवडलं नाही. खरं सांगायचं तर मी ती गाडी नापास करायलाच गेलो होतो. एक लाख चौऱ्याऐंशी हजारवाली गाडी मी पास केली, तर त्या साठ हजारवालीचं काय? त्या सगळ्या अकरांचं काय? म्हणजे बायकोला पंधरा वर्षं कारणाशिवाय बसवून ठेवलं, असा त्याचा अर्थ झाला असता. हे मला तिथे, बॉनेटखाली डोकं घातलेलं असताना कळलं, आणि मी आणखी बारकाईने दोष शोधायला लागलो.

नऊ सापडले. ते नेहमीसारखे कागदावर लिहिले आणि सवयीने वहिनींसमोर धरले. आमच्याकडे रिपोर्टवर माल देणाऱ्याचीही सही घेतात. कुणाच्या गेलेल्या नवऱ्याच्या गाडीचे दोष तिच्याच हातात द्यायचे नसतात, हे मला हात पुढे केल्यावर सुचलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं.

"सातवा माझा आहे," त्या म्हणाल्या.

सातवा होता, 'डावी सीट दबलेली, फोम गेलेला.'

"मी मांडी घालून बसायची न. ते म्हणायचे, सीट खराब होते. मी म्हटलं, होऊ द्या." मग कागदाची घडी करून त्यांनी परत दिला. "चालवून तर बघा. मी बसते बाजूला. रायसेन रोडपर्यंत जाऊन येऊ."

मी चालवायला बसलो. क्लच जरा जड होता, बाकी काही नाही. वहिनी चपला काढून मांडी घालून बसल्या आणि काच खाली घेऊन बाहेर बघत राहिल्या. कारखान्याची भिंत संपली तसा त्यांनी पुढचा कप्पा उघडला, छोटी डबी काढली, बडीशेप तळव्यावर घेतली आणि बाहेर बघता बघताच हात माझ्यापुढे धरला. मी त्या हाताकडे बघितलं. त्यांनीही बघितलं, आणि हात तसाच राहिला.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "सवय आहे न."

मी बडीशेप घेतली आणि तोंडात टाकली. मला त्या गेलेल्या माणसाचा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा हेवा करावा इतकी वाईट अवस्था माझी आधी कधी झाली नव्हती.

आमच्या कारखान्यात एक सोय होती. माल मापात नाही, पण त्याने काम अडणार नाही, असं असेल तर डेव्हिएशन द्यायचं. दोष लिहून ठेवायचे, खाली सही करायची आणि माल घ्यायचा. मी कारखान्यात ती अगदी मोजकी दिली. घरी एकही दिलं नाही. वहिनींच्या टेबलावर तोच कागद उलगडून नऊ दोषांच्या खाली लिहिलं, 'दोष मान्य. वापरास योग्य.' आणि सही केली.

कागदपत्रं आठवड्याभरात झाली. वहिनी संध्याकाळच्या रेल्वेने पुण्याला निघणार होत्या. त्यांनी किल्ली दिली आणि विचारलं, "सीटमध्ये नवा फोम भरून घ्याल न?" मी बघू म्हणालो. बडीशेपची डबी त्या सोबत घेऊन गेल्या. मला ती त्यांनी गाडीतच ठेवावी असं वाटत होतं, पण असं काही मागायचं नसतं.

गाडी एकट्याने अवधपुरीला आणली. फाटकातून आत घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरलो. आत जायला पाय निघेना. घरात कोण होतं? मी गाडीला वळसा घालून डावं दार उघडलं आणि त्या दबलेल्या सीटवर बसलो. मांडी घालून बघितली. गुडघ्याने घालू दिली नाही. काच खाली घेतली. समोर आमचीच भिंत होती आणि उजवीकडे स्टिअरिंग, त्याच्यामागे रिकामी सीट.

गाडी नव्हती, तरी पंधरा वर्षं बायको हेच बघत बसली होती.