बारदानासकट

रविवारी मार्केट यार्ड बंद असे. लिलाव नाही, गाड्या नाहीत, नुसती कांद्याची टरफलं वाऱ्यावर फिरायची. त्या मोकळ्या आवारात चांगुणा चपला काढून लोखंडी काट्याच्या फळीवर उभी राहायची आणि तिचा धाकटा भाऊ मोतीराम दांडीवरचं वजन सरकवत ओरडायचा, "एकशे नऊऽऽ!"

मोतीराम तिथला मापारी. सहा दिवस पोती तोलायची, सातव्या दिवशी बहीण.

"बोला, एकशे नऊ एक वार," चांगुणाचा नवरा सहादू शेडच्या ओट्यावरून म्हणायचा.

"तुमच्यानं नाय झेपायची बोली," चांगुणा फळीवरूनच सुनावायची. "मागच्या रविवारी एकशे अकरा होते. आता मोठ्यानं म्हणा, दोन उतरले!"

ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिपाई होती. वय पस्तीस. गुडघ्यांनी असा दगा दिला होता, की घंटेचे टोलही स्टुलावर बसून द्यायची. शहाऐंशीच्या जानेवारीत डॉक्टरांकडे गेली तर त्यांचा काटा एकशे वीसला संपला आणि वर ठक् करून वाजला. कंपाउंडर हसला. त्याच रविवारी मोतीरामने तिला यार्डात नेलं. तिथे एकशे एकोणतीस भरले. महिन्याभराने मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात, परदेशातून शिकून आलेल्या सर्जनने तिचं जठर टाके घालून लहान वाटीएवढं केलं. अशी ऑपरेशनं तेव्हा नवीच होती. कॉलनीतल्या बायकांना वाटलं, ही काही परत येत नाही. ती आली, आणि दर रविवारी उतरत गेली. सोमवारी नळावर पहिला प्रश्न पाण्याचा नसायचाच. "चांगुणा, किती?"

तिला किती व्हायचं होतं ते सगळ्यांना पाठ होतं. अठ्ठेचाळीस.

तो आकडा पत्र्याच्या डब्यात होता. स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनमधून निघालेलं जाड पुठ्ठ्याचं तिकीट. त्र्याहत्तर साली लग्न होऊन ती सिन्नरकडून नाशिकला आली, तेव्हा सहादूने दहा पैसे टाकून ते काढलं होतं. त्याच दिवशी बुद्ध पौर्णिमा होती आणि त्याने तिला लेणी दाखवायला नेलं होतं. "सगळ्या पायऱ्या पळत चढले होते मी," ती आपल्या पोरींना सांगायची. "हे खालीच राहिले धापा टाकत." गेली नऊ वर्षं मात्र पौर्णिमेला कॉलनीच्या बायका वर जायच्या आणि ती पायथ्याशी सगळ्यांच्या चपला राखत बसायची. आता तिने जाहीर केलं होतं, "सत्त्याऐंशीच्या पौर्णिमेला अठ्ठेचाळीस किलोची चांगुणा वर येणार. चपलांना दुसरी बाई बघा!"

दिवाळीपर्यंत गाडी सुसाट होती. नव्व्याण्णव झाले तेव्हा मोतीरामने यार्डात पेढे वाटले. तिने नखाएवढा तुकडा चाखला. मग डिसेंबरात काटा अडला. अठ्ठ्याऐंशी. पुढच्या रविवारी अठ्ठ्याऐंशी. जानेवारीतही तेच.

"दांडी नीट बघ की रे!"

"आक्के, दांडीला काय तुझं भ्या वाटतं व्हय?"

तिने सकाळचं अंडं बंद केलं. मग वरण. डॉक्टरांनी वाटीच्या मापाने जे लिहून दिलं होतं त्यातलं निम्मं ती शेजारच्या पोरांना द्यायला लागली. पौर्णिमेला साडेतीन महिने उरले होते आणि चाळीस किलो. फेब्रुवारीत एका दुपारी, घंटेचा तिसरा टोल देता देता, ती हातोडीसकट खाली आली.

सहादू तिला घेऊन मुंबईला गेला. सर्जनने पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली.

"काय खाता?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"खोटं," सहादू म्हणाला.

मग तिने पिशवीतून तिकीट काढून टेबलावर ठेवलं. "मला इथवर जायचंय साहेब. तेव्हा मी लेणी पळत चढले होते."

डॉक्टरांनी तिकीट उलटसुलट केलं. "तेव्हा काय खात होता?"

उत्तर सहादूने दिलं, खाली बघून. "दुष्काळ होता साहेब. ही माहेरी खडी फोडायला जायची. एक टाइम कामावरची सरकारी सुकडी. आणि पळत वीसच पायऱ्या चढली. वर गेल्यावर घेरी आली. मी पाठीवर घेऊन उतरवली."

"काय सांगताय?" चांगुणा वळली. "मी? पाठीवर?"

"तू शुद्धीत कुठं होतीस?"

"मग चौदा वर्षं बोलला का नाय?"

"तू इतकी रंगवून सांगायचीस. पोरी ऐकायच्या. म्हटलं, राहू दे."

चांगुणाला एकदम हसू आलं. "अगं बया! म्हणजे धापा माझ्याच होत्या!"

डॉक्टरही हसले. म्हणाले, "बाई, एकशे एकोणतीसवरून पंच्याऐंशीला आलात तरी आम्ही खूश. तिथे टिकायचं. लेणी चढायला पाय लागतात, तिकीट नाही. आज नव्वद आहात. खाऊन पाच उतरवा."

"नव्वद? मोतीराम तर अठ्ठ्याऐंशी म्हणतो!"

पुढच्या रविवारी मोतीराम तांबडालाल झाला. "माझा काटा खोटा? सरकारी शिक्का हाय त्याच्यावर!"

"मग दोन किलो गेले कुठं?"

"बारदानात!" तो म्हणाला. "पोत्याचं वजन काढून मालाचं सांगायचं, मापाऱ्याचा धरम हाय. तुझं लुगडं, बांगड्या, डोरलं... दोन किलो बारदान मी पहिल्या दिवसापासून वजा धरतोय."

सहादू ओट्यावर आडवा होऊन हसला. चांगुणाने मोतीरामच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, लुगडं दोन किलोचं असतं? आजपासून बारदानासकट सांगायचं!"

अंडं परत सुरू झालं. वरणही. ती रोज संध्याकाळी शाळेच्या जिन्याने गच्चीवर जायची, पहिल्यांदा एकदा, एप्रिलमध्ये चारदा. काटा कधी पाव किलो हलायचा, कधी नाही. तिला आता जिन्याचीच जास्त घाई असायची.

पौर्णिमेला उजाडताच सगळी कॉलनी पांढऱ्या लुगड्यांत पायथ्याशी जमली. चांगुणाने चपला काढून इतरांच्या चपलांत टाकल्या आणि पहिली पायरी चढली. पन्नासाव्या पायरीवर बसली. शंभराव्यावर बसली, पाणी प्यायली. सहादू मागे दोन पायऱ्या सोडून होता.

"पाठीवर घ्यायची का?"

"घेऊन तर दाखवा! दोघांची खडी होईल."

एकशे चाळीसला मांड्या थरथरायला लागल्या. वरून बायका हाका मारत होत्या, "चांगुणा, ये! आलीस, आलीस!" ती कठड्याला धरून उभी राहिली, श्वास आत घेतला आणि चढत राहिली. शेवटच्या दहा पायऱ्या तिने कुणालाही न धरता चढल्या.

वर दगडी ओट्यावर ती टेकली. घेरी आली नाही. भूक लागली. पदराच्या गाठीतून उकडलेलं अंडं काढून तिने कपाळमोक्ष करावा तसं दगडावर फोडलं.

"किती गं, चांगुणा?" कुणीतरी विचारलं.

मागून चढून आलेला मोतीराम तोंड उघडणार, तोच तिने भरल्या तोंडाने हात वर केला आणि खाली नाशिकपर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी दिली,

"सत्त्याऐंशीऽऽ! बारदानासकट!"