देवापुढची साखर

यमुनाबाईंना कुणी "बरं आहे ना?" असं विचारलं, तर "बरं आहे" हे उत्तर त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. "चाललंय कसंतरी," एवढंच. मुलीचं, अपेक्षाचं, कुणी कौतुक केलं की घरी गेल्या गेल्या त्या मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढायच्या. नवी साडी आली की ती थेट पेटीत. तीन घरच्या गरम पोळ्या करणारी ही बाई स्वतः मात्र रात्रीची उरलेली पोळी खायची. "सुख दारात आलं तर ही बाई आतून कडी लावून घेईल," असं हेमाताई म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

हेमाताई म्हणजे कोथरूडच्या एका सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. यमुनाबाई येरवड्याहून मेट्रोनं रोज सकाळी त्यांच्याकडे पोळ्यांना जात. अपेक्षाचं इंग्रजीही हेमाताईंनीच पक्कं करून घेतलं होतं.

यमुनाबाई काही जन्मापासून अशा नव्हत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे मालक, उत्तरेश्वर, सात वर्षं टेंपररी राबून कारखान्यात परमनंट झाले. लातूरकडून एक पेटी घेऊन आलेल्या माणसाला पुण्यानं शेवटी आपलं म्हटलं होतं. चांगली बातमी आली की आधी देवापुढे साखर ठेवायची, ही आपली रीत. यमुनाबाईंनी साखर ठेवली, मग पेढ्यांचा पुडा घेऊन सगळी गल्ली पालथी घातली. "आमचे मालक परमनंट झाले!" असं दारोदार सांगितलं. पंधरवड्याच्या आत उत्तरेश्वर कामावरच छातीत कळ येऊन गेले.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण जिच्या डोक्यावर फांदी पडते, तिला हे कोण समजावणार? आपण हसलो, मिरवलो, म्हणून हे झालं, असं यमुनाबाईंच्या मनानं घेतलं. देवापुढचा दिवा त्यांनी एक दिवस चुकवला नाही. साखर मात्र पुन्हा ठेवली नाही. अपेक्षा तेव्हा बारा वर्षांची होती.

एका सकाळी यमुनाबाई पोळ्या लाटत असताना हेमाताई ओट्यापाशी आल्या. "यमुनाबाई, पेढे कुठायत?"

"कशाचे वो ताई?"

"अपेक्षाला खराडीत नोकरी लागून महिना होत आला. आमचं तोंड गोड करायला मुहूर्त काढताय का?"

लाटणं थांबलं. "नोकरी? मला तर म्हणली, कसल्या तरी ट्रेनिंगला जाते."

हेमाताईंनी गॅस बारीक केला. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, एव्हाना तिनं सांगितलं असेल. ती म्हणत होती, चांगली बातमी ऐकली की आई आठवडाभर जेवत नाही."

यमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पोटची पोर आपला आनंद आईपासून चोरासारखा लपवते, यापेक्षा वाईट काय असतं?

"मी काय तिच्या वाईटावर हाय का, ताई?"

"नाही. पण तुमच्या घरात वाईट बातमीला पाट मिळतो, आणि चांगली बिचारी उंबऱ्याबाहेर ताटकळते." हेमाताईंनी स्टूल ओढलं. "देवळात प्रसाद मिळाला तर काय करता?"

"दोन्ही हातांनी घेते."

"नको म्हणत नाही?"

"अवो, प्रसादाला न्हाई म्हणू नये!"

"मग अकरा वर्षं काय करताय?"

माणसांचं बोलणं यमुनाबाई कानाआड करत. हे मात्र कानाआड करता येईना, कारण यात देव मध्ये आला होता. परतताना मेट्रोत त्यांनी मनाशी ठरवलं: पोरीला विचारायचं नाही. तिला आपणहून सांगावंसं वाटेल, असं घर करायचं.

त्या संध्याकाळपासून नेम सुरू झाला. दिवा लावायचा, चिमूटभर साखर ठेवायची, दिवसातली एक चांगली गोष्ट देवाला मोठ्यानं सांगायची आणि ती साखर स्वतः खायची. ऐकायला किती सोपं! पहिल्या दिवशी त्या साखर ठेवून तशाच उठल्या. साखर मुंग्यांनी नेली. दुसऱ्या दिवशीही मुंग्यांचीच दिवाळी झाली. तिसऱ्या दिवशी यमुनाबाई कशाबशा पुटपुटल्या, "आज मेट्रोत बसायला जागा मिळाली," आणि कुणी बघेल म्हणून घाईघाईनं साखर तोंडात टाकली. अपेक्षानं मोबाईलमधून मान वर केली.

दहाव्या दिवशी अपेक्षा तापानं फणफणली. झालं! यमुनाबाईंनी हेमाताईंना फोन लावला. "मी म्हणलं नव्हतं, ताई? साखर बाधली!"

"तुमच्या चिमूटभर साखरेनं ताप येत असेल तर महापालिकेला कळवायला हवं," हेमाताई म्हणाल्या. "उगाच डासांवर औषध मारत बसलेत. डॉक्टरकडे नेलंत का?"

नेलं होतं. औषधही चालू होतं. संध्याकाळी दिवा लागला. यमुनाबाईंचा हात साखरेच्या डब्याकडे गेला आणि मागे आला. असं तीनदा झालं. खरी लढाई तीच होती, आणि ती त्यांनी एकटीनं लढली. चौथ्यांदा झाकण उघडलं. "देवा, आज ताप उतारावर हाय. पोरीनं अर्धी वाटी पेज घेतली," त्या म्हणाल्या, आणि साखर खाल्ली. अंथरुणातून अपेक्षा टक लावून बघत होती.

त्यानंतर नेम मोडला नाही. कधी पोळी टम्म फुगली, कधी शेजारणीनं गावाकडची चटणी दिली. उरलेल्या पोळीऐवजी ताटात गरम पोळी आली. पाच महिने असे गेले.

मग एका संध्याकाळी, दिवा लागायच्या वेळेला, अपेक्षा दारात चप्पल न काढताच उभी राहिली.

"आई, मी ट्रेनिंगला नव्हते जात. सहा महिने झाले, मला नोकरी लागलीय. आणि आज…" ती अडखळली. "आज मी परमनंट झाले."

नेमका तोच शब्द! यमुनाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. अपेक्षाचा चेहरा पडला. पण यमुनाबाई लगेच उठल्या, देवापुढे साखर ठेवली, स्वतः खाल्ली, पोरीला भरवली आणि पेटी उघडली. घड्या पडलेली मोरपंखी साडी नेसल्या.

"चप्पल काढू नको. पेढे आणायला जायचंय."

त्या संध्याकाळी येरवड्याच्या त्या गल्लीनं अकरा वर्षांपूर्वीचा आवाज पुन्हा ऐकला. "माझी पोरगी परमनंट झाली!" दारोदार, खणखणीत, मान ताठ ठेवून. भीती गेली नव्हती, ती सोबत चालत होती. पण पुडा यमुनाबाईंच्या हातात होता.

घरी आल्यावर अपेक्षानं आईच्या हातातला रिकामा पुडा घेतला. मग म्हणाली, "आई, एक सांगू? दहावीला मी शाळेत पहिली आले होते. तुला नुसतं पास झाले म्हणून सांगितलं होतं."

यमुनाबाई तिच्यासमोर येऊन बसल्या. "आणखी काय काय लपवलंस?"

"खूप आहे."

त्या उठल्या, साखरेचा अख्खा डबाच देवापुढे आणून ठेवला, आणि पोरीला जवळ ओढून म्हणाल्या, "एकेक सांग."