शेवटचा अर्धा तास कुणी ऐकला?

सीट कव्हरच्या दुकानात कातरण किती साचतं ते झाडणाऱ्यालाच माहीत. संध्याकाळी गोणी भरून बाहेर ठेवली तरी सकाळी मशीनखाली रेग्झिनचे तुकडे हजर. आमच्या दुकानातले किस्सेही तसेच. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. काम करता करता खाली पडत गेले. आता झाडायला वाकलो की हाताला लागतात.

दुकान लातूरला, दादाचं. दादा म्हणजे दत्ता, माझा मोठा भाऊ. मी आठवीत शाळा सोडली आणि त्याच्या शेजारी मशीनवर बसलो. दादाला एकच नाद, साहेबांचं गाणं. साहेब म्हणजे कोण ते सांगत नाही, कारण आमच्या दुकानात कुणी नाव घेतच नव्हतं. ‘कोण साहेब?’ असं जो विचारायचा तो गिऱ्हाईक. जो विचारायचा नाही तो आपला.

असे आपले दोघं होते. एक स्वामी सर, औशाला शाळेत गणित शिकवतात. दुसरे जब्बारभाई, त्यांचा टेम्पो ट्रॅव्हलर आहे. त्याच्या सगळ्या सीट आम्हीच शिवल्यात. साहेबांचा कार्यक्रम लातूर-नांदेडकडे कुठंही असला की जब्बारभाईची गाडी निघायची.

पण साहेब आता म्हातारे झाले होते. आवाज चढत नव्हता, शब्द आठवत नव्हते. त्यामुळे दुकानात रोज एकच वाद. साहेबांचा सगळ्यात पडका कार्यक्रम कोणता? सर एक सांगायचे, जब्बारभाई दुसरा. दादा म्हणायचा, एकही नाही.

भांडणाला दादानं एक नियम घातला होता. साहेबांबद्दल वाईट बोलायचं तर उठून उभं राहून बोलायचं. फोमच्या गठ्ठ्यावर रेलून, चहा पीत पीत वाईट बोलायचं नाही. स्वामी सर बिचारे दुकानात बसायला यायचे आणि तासभर उभेच असायचे.

पावसाळा संपता संपता दादा गेला. छातीत दुखू राहिलं म्हणाला, रिक्षा येईपर्यंत गेला. चाळिशीही झाली नव्हती. साहेब सत्तरी ओलांडून अजून आहेत, आणि दादा नाही. यावर मला काही बोलता येत नाही, म्हणून किस्से सांगतो.

*

औशाचा कार्यक्रम. मैदान भरलेलं. साहेबांनी दादाच्या आवडीचं गाणं म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरं एक म्हटलं. मग पेटीवाल्याकडं बघून साहेबांनी तेच पहिलं गाणं पुन्हा सुरू केलं. पेटीवाल्यानं हळूच काहीतरी सांगितलं, साहेबांनी मान हलवली आणि गात राहिले.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. सर जागेवरच उभे राहिले. मागचा माणूस ओरडला, ‘ओ, खाली बसा.’

सर म्हणाले, ‘बसता येत नाही, मला बोलायचंय. दत्ता, साहेब विसरले. हे गाणं आत्ताच झालं.’

दादा म्हणाला, ‘विसरले न्हाईत. तुम्ही वन्स मोअर म्हणायच्या आधीच देऊन टाकला. मोठ्या माणसाला मागायला लावता का?’

*

नांदेडजवळ विष्णुपुरीला कॉलेजच्या पोरांनी कार्यक्रम ठेवला होता. साहेबांना खोकला झालेला. पोरांनी काय केलं, मागून जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि साहेबांनी नुसते ओठ हलवायचे ठरवलं. आम्हाला काय माहीत. दादा तर पहिल्या ओळीलाच रडायला लागला. म्हणाला, ‘बघा, आवाज परत आला.’

तेवढ्यात साहेबांना ठसका लागला. त्यांनी तांब्या उचलला आणि पाणी प्यायले. गाणं चालूच!

पोरं हसायला लागली. आम्ही तिघांनी दादाकडं बघितलं. आता हा काय बोलतो? दादानं डोळे पुसले आणि सरांना विचारलं, ‘सर, तुम्हाला पाणी पिता पिता गणित शिकवता येतं का?’

‘नाही येत.’

‘मग?’

*

त्याच कार्यक्रमाहून परत येताना लोह्याच्या अलीकडचा किस्सा. आम्ही रात्री नांदेडला पाहुण्यांकडं झोपून सकाळी निघालो होतो. सर गाडीत उठून उभे राहिले. टेम्पोचं छत ठेंगणं, त्यामुळे मान वाकडी करून बोलू राहिले. ‘साहेबांनी आता थांबावं. आपल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.’

दादा म्हणाला, ‘जब्बारभाई, गाडी थांबवा.’

गाडी थांबली. दादा उतरला. ‘मी पायी जाईन, पण या माणसाशेजारी बसणार न्हाई.’ आणि तरातरा चालायला लागला.

सरही हट्टी. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, ‘उतरलास तरी मुद्दा तोच राहतो.’

जब्बारभाईनं गाडी वळवली आणि दादाच्या बाजूनं हळूहळू चालवायला लागले. गाडीतून सर बोलतायत, खालून दादा बोलतोय, बैलगाडीवाले थांबून बघतायत. मी मधे पडणार होतो, तर जब्बारभाई म्हणाले, ‘छोड रे बालाजी. बोलू दे. बोलून झाल्यावर सांगू.’

बराच वेळ गेला. दोघंही दमले. मग जब्बारभाईनं काच खाली करून प्रेमानं सांगितलं, ‘दत्ता, घरी पायी जातोस ते ठीक. पण हा रस्ता नांदेडला जातो. लातूर पाठीमागं राहिलं.’

*

एकदा एक गिऱ्हाईक आलं. शाळेच्या बसच्या सगळ्या सीट बदलायच्या होत्या, मोठं काम. दादा माप घेऊ राहिला होता आणि मोबाईलवर साहेब गात होते. नवं रेकॉर्डिंग, थरथरणारं.

गिऱ्हाईक बसल्या बसल्या म्हणालं, ‘या म्हाताऱ्यानं आता घरी बसावं. लाज काढू राहिला.’

दादाच्या हातातला टेप तिथंच थांबला. मी कात्री ठेवली. माझा स्वभाव असा, आधी हात उठतो. पण माझ्या आधी स्वामी सर उठले. म्हणाले, ‘उठा.’

‘का हो?’

‘उठा म्हणतो ना. काय ऐकलंय तुम्ही त्यांचं? किती कार्यक्रमाला गेलात? आम्ही वाईट बोलतो कारण आम्ही पोटाला भाकरी बांधून तीस तीस कोस जाऊन ऐकलंय. तुम्ही कोण?’

ते गिऱ्हाईक गेलं. कामही गेलं. दादा मात्र लग्नातल्यासारखा खूश. सरांना फोमवर बसवलं, चहा सांगितला. म्हणाला, ‘सर, आज तुम्ही माझ्या बाजूनं आले.’

सर चहा न घेता पुन्हा उठून उभे राहिले. ‘नाही आलो. नायगावचा कार्यक्रम पडकाच होता.’

*

आता नायगावचं सांगितलंच पाहिजे. सगळ्यात मोठं भांडण त्याच्यावर.

नायगाव वहिनीचं माहेर. त्यामुळे त्या कार्यक्रमाला वहिनीही आली होती. दादा आणि वहिनी पुढं, पाहुण्यांच्या मानाच्या खुर्च्यांवर. आम्ही तिघं मागं सतरंजीवर.

साहेबांना दोघांनी धरून आणलं. पहिल्याच गाण्यात वरचा सूर लागला नाही. दुसऱ्यांदा घेतला, तरी लागला नाही. मग त्यांनी माईक लोकांकडं केला, म्हणजे तुम्ही म्हणा. लोकांनाही तो सूर कुठला येणार? लोक उठायला लागले. थोड्या वेळानं सर म्हणाले, ‘मला हे बघवत नाही,’ आणि आम्ही तिघं जाऊन गाडीत बसलो.

कार्यक्रम संपल्यावर दादा आला. एकदम ताजातवाना, चेहरा उजळलेला. म्हणाला, ‘तुम्ही शेवटचा अर्धा तास सोडला? अरेरे. आयुष्य वाया गेलं तुमचं.’

‘काय झालं शेवटच्या अर्ध्या तासात?’

‘सांगण्यासारखं नाही. ऐकण्यासारखं होतं.’

झालं. तेव्हापासून हाच दादाचा हुकमी पत्ता. सरांनी नायगावचं नाव काढलं की दादा मशीन थांबवून विचारायचा, ‘शेवटच्या अर्ध्या तासाला तुम्ही कुठं होते?’ सर म्हणजे गणिताचा माणूस, जे ऐकलं नाही त्यावर बोलणार कसा? बसायचे. दोन वर्षं त्या एका प्रश्नानं दादानं सरांना खाली बसवलं.

*

दादा गेल्यावर दुकान मी उघडलं. पहिल्याच दिवशी सर आणि जब्बारभाई आले. फोमवर बसले. मी चहा सांगितला. मोबाईलवर साहेबांचं एक अगदीच पडेल रेकॉर्डिंग लावलं. मुद्दाम. म्हटलं, आता सर उठतील.

सर म्हणाले, ‘छान गायलेत.’

मी म्हणालो, ‘सर, सूर कुठं लागलाय?’

‘दत्ता म्हणायचा तेच खरं होतं बालाजी. आपल्यालाच कान नव्हता.’

जब्बारभाई म्हणाले, ‘हाव. दत्ता सही बोलायचा.’

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. औसा चांगला होता, विष्णुपुरी चांगली होती, नायगावही चांगलंच होतं. सगळं चांगलंच होतं. दादा जिवंत होता तोवर त्याचं एक ऐकलं नाही, आणि आता सगळंच ऐकू राहिले. ते मान हलवायचे तसा दादा मला आणखी आणखी मेल्यासारखा वाटायचा. मला भांडण पाहिजे होतं. दादाचं भांडण. बाकी त्याचं काय उरलंय माझ्याकडं?

एका दुपारी मला राहवलं नाही. मी स्वतःच उभा राहिलो. म्हणालो, ‘साहेबांना गाता येत नाही. कधीच येत नव्हतं. तरुणपणीही येत नव्हतं. कावळ्याचा गळा बरा.’ असलं दादाच्या दुकानात कुणी कधी बोललं नव्हतं. मला वाटलं, जब्बारभाई तरी मुस्काटात मारतील.

जब्बारभाईनं माझा हात धरून खाली बसवलं. ‘बस बेटा. दुःख हाय.’

मी कात्री भिंतीवर फेकली. सरांनी उठून ती उचलली, धार बघितली आणि गुपचूप मशीनवर ठेवली. ओरडले सुद्धा नाहीत.

*

हा शेवटचा.

दादाच्या महिन्याच्या जेवणाला दोघांना घरी बोलावलं होतं. नायगावहून वहिनीची माणसं येऊन जेवून गेली होती. शेवटच्या पंगतीला सर, जब्बारभाई आणि मी. वहिनी वाढत होती. भिंतीवर दादाचा फोटो, हार घातलेला. मला घास जात नव्हता. दादा गेल्यापासून जातच नव्हता, वहिनी रोज ताटाकडं बघायची.

काहीतरी बोलायचं म्हणून सर म्हणाले, ‘वहिनी, नायगावचा तो कार्यक्रम. आम्ही दोन वर्षं दत्ताशी उगीच भांडलो. शेवटचा अर्धा तास आम्ही ऐकलाच नाही. दत्तानं ऐकला. तो म्हणायचा तसाच झाला असणार.’

वहिनी वरण वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, ‘कशाचा ऐकला?’

‘म्हणजे?’

‘झोपले होते.’

सर म्हणाले, ‘कोण, साहेब?’

‘न्हाई. हे.’

जब्बारभाईनं आधी फोटोकडं बघितलं, मग वहिनीकडं. म्हणाले, ‘भाभी, डोळे मिटून ऐकत असंल. शौकीन माणूस होता.’

‘घोरत होते,’ वहिनी म्हणाली. ‘माझ्या खांद्यावर डोकं टाकून. माझे काका शेजारीच बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाळ्या वाजल्या तेव्हा उठले आणि सगळ्यात आधी उभं राहून वाहवा म्हणाले.’

सरांनी घास ताटात ठेवला. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. कितीतरी दिवसांनी तो रंग बघितला मी. ते ताटावरून उठले आणि सरळ फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

‘दत्ता, दोन वर्षं. दोन वर्षं तू मला खाली बसवलंस. तुमच्या कानात बोळे घातलेत म्हणालास. मी, गणिताचा मास्तर, रात्री उठून विचार करायचो की त्या अर्ध्या तासात असं काय झालं असंल. खोटारड्या.’

जब्बारभाई म्हणाले, ‘सर, असं नका बोलू. गेलेला माणूस हाय.’

‘गेला म्हणून काय झालं? नायगाव पडकाच होता. पडका, पडका, पडका. त्याला स्वतःला झोप लागली, यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?’

‘झोप चांगल्या गाण्यालाबी लागते,’ जब्बारभाई आता आवाज चढवून म्हणाले. ‘माझी अम्मी गायची तर मी झोपायचो. ती बेसूर होती का?’

‘अम्मीला मधे आणू नका.’

‘तुम्ही दत्ताला आणता, तर मी अम्मीला आणणार.’

मी ताट पुढं केलं. म्हणालो, ‘वहिनी, भात वाढ. आणि वरण.’

वहिनीनं भात वाढला. अजून थोडा वाढला. सर आणि जब्बारभाईंचं चालूच होतं. मग सर अचानक थांबले, वळले आणि अगदी शाळेत विचारतात तसं त्यांनी वहिनीला विचारलं, ‘खरं सांगा. निदान सुरात तरी घोरत होता का?’

वहिनीनं पळीतलं वरण माझ्या भातावर घातलं, फोटोकडं बघितलं आणि म्हणाली,

‘सूर साहेबांपेक्षा बरा लागला होता.’