विहिणीच्या पंगतीचे मांडे

म्हसावदच्या भिकुबाईचे मांडे खायच्या आधी बघायला लोक यायचे. पुरण भरलेला मऊ कणकेचा गोळा ती हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झुलवत थेट कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या धुराने डोळे चुरचुरायचे, म्हणून हे सगळं डोळे मिटून. बघायची गरजच काय? आपले हात कुठे आहेत हे तिला आतून कळायचं. याचा तिला भारी तोरा होता, आणि खरं सांगायचं तर तो शोभायचाही.

सन अडतीसच्या उन्हाळ्यात तिच्या लेकीचं, धनूचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी विहिणीची पंगत. शहाद्याच्या त्या विहीणबाईंनी सुपारी फुटली तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "पोरनी मायना हातना मांडा खाईसनच पोर लई जासुत." धनू सासरी कुणाची लेक म्हणून उभी राहणार, ते आता त्या मांड्यांवर ठरणार होतं.

शहाण्या बाईने त्या दिवशी हात राखून ठेवले असते. पण भिकुबाईचा कुणावर विश्वास असेल तर शपथ! धाकटी जाऊ गजराबाई पाट्याशी बसली, तर हिने तिला उठवलं. पुरणात एक कणी राहिली तरी मांडा फाटतो, कबूल. पण म्हणून पहाटेपासून सगळं पुरण एकटीने, डाव्या हातावर जोर देत वाटायचं?

"जीजी, हात भरी येतीन तुन्हा," गजरा म्हणाली.

"मन्हा हातनी काळजी तू नको करू."

खापर तापलं. पहिले काही मांडे ठीक उतरले. मग डोळे मिटून टाकलेला एक अर्धा खापरावर, अर्धा राखेत पडला. पुढचा मधोमध फाटला. त्यापुढच्याला तर डावं कोपरच खापराला टेकलं आणि चर्रकन भाजलं. तिने डोळे उघडले, तर डावा हात उजव्यापेक्षा चांगला वीतभर खाली. तिला मात्र दोन्ही हात बरोबरीने आहेत असं छातीठोक वाटत होतं!

तिने पुन्हा डोळे मिटले, हात सारखे धरले, डोळे उघडले. डावा पुन्हा खालीच. तिचा नुसता संताप झाला. दुखणं तिने सोसलं असतं. पण वाटून वाटून दमलेला आपलाच हात आपल्याला खोटं सांगायला लागला, त्याचं काय करायचं? डोळे उघडे ठेवावेत तर धुराने पाण्याच्या धारा, आणि हाताकडे बघत बसलं की मांडा लोंबून फाटे.

शेजारणींनी नजर लागली म्हणून मीठमोहरी ओवाळली. नवरा लोटन दारातून डोकावून म्हणाला, "तूप जास्ती टाका, फाटेल कोन देखस?" हातातलं उलथनं त्याच्या डोक्यात घालावं असं तिला वाटलं, पण तेही कुठे पडलं असतं कोण जाणे.

ओसरीवर पाट मांडायला सुरुवात झाली. गजरा शेजारी येऊन बसली. भिकुबाईने कणकेच्या परातीवरचा हात काही काढला नाही. मग काढला.

इतकी वर्षं जिला ती परातीला शिवू देत नव्हती, तिचे मांडे एकामागून एक गोल, पातळ उतरू लागले. अगदी आपल्यासारखे. तेच तिला सहन होईना.

पंगतीत विहीणबाईंनी घास घेतला आणि मान डोलावली. "काय हात शे हो तुमना! आशी मायनी पोर आमना घर ई ऱ्हायनी, आमनं नशीब."

धनूने अभिमानाने आईकडे पाहिलं. भिकुबाई गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. पण सकाळपासून हाताचा खोटेपणा सोसून ती विटली होती. तोंडानेही तेच करणं तिला जमेना.

"या मांडा मन्हा हातना नहीत," ती म्हणाली. "गजरानी करात."

विहीणबाई खळखळून हसल्या. "देखा! इतला गुन, आनि वर गर्व नही." सगळी पंगत हसली. कोपरावरचा भाजल्याचा डाग दाखवायला भिकुबाईने हात पुढे केला, तर विहीणबाईंनी तोच हात धरून कपाळाला लावला. गजरा तुपाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेली.