आधी हाण, मग ओढ

माझ्या सख्ख्या मामाचं नाक मी मोडलंय आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. नातेवाइकांत ही गोष्ट निघाली की "भोपाळची पोर, हिंदीवाल्यांत वाढली, वळण कसलं ते नाही" असं म्हणून सगळे मोकळे होतात. म्हणोत बापडे. त्यांच्यातलं कुणी त्या दिवशी तलावाच्या घाटावर नव्हतं.

आई रायगडातल्या एका कोळीवाड्यातली. बाबांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी समुद्र सोडून भोपाळला आली आणि अशोका गार्डन वस्तीत, रुळांजवळच्या घरात तिचं सगळं आयुष्य गेलं. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. तिला भाऊ दोन. धाकटा समुद्रात बुडाला, मी शाळेत जायच्याही आधी. मोठा, म्हणजे हा मामा, त्या दिवशी त्याच होडीत होता आणि एकटाच परत आला. "हातात होता, सुटला," एवढंच त्याने सांगितलं. आईने पुढे काही विचारलं की तो उठून बाहेर निघून जायचा. फोनवर विचारलं की फोन ठेवायचा. तिचा त्याच्यावर राग होता, आणि आता तोच एक उरला होता म्हणून जीवही त्याच्यातच अडकलेला. टीव्हीवर वादळाची बातमी लागली की बाईचा हात आधी फोनकडे जायचा.

समुद्राबद्दल लोक काय काय लिहितात. शांत, निळा, अथांग. त्यांना एकदा मामाच्या होडीत बसवायला हवं. मी सुट्टीत जायची तेव्हा होडीच्या तळात रक्त, खवले आणि पाणी यांचा चिखल असायचा. एकदा पाकट माशाच्या शेपटीचा विषारी काटा मामाच्या पोटरीत घुसला. पाय काळानिळा पडला, पण त्याने शिव्या देत त्या पाकटाचे तुकडे केले आणि दुपारी त्याचंच कालवण ओरपलं. मुशी, म्हणजे लहान शार्क, जाळ्यात आली की होडीभर आपटायची, समोर येईल त्याला चावायची. मग मामा लाकडी सोटा उचलायचा. "डोक्यात मारू नको, उगा दमशील. नाकावर मार." मला बघवायचं नाही आणि नजरही हटायची नाही.

पोहायला त्यानेच शिकवलं, तेही याच सुरात. "बुडणारा मानूस मानूस नसतो. तो तुला शिडी समजतो, वर चढतो. त्याला आधी हाण, मग ओढ. दया आली की दोघं गेले." हे सांगताना तो माझ्याकडे बघायचा नाही. लाटांकडे लक्ष ठेवून आहे, असं मला वाटायचं.

नारळी पौर्णिमेला भोपाळभर राख्यांची झुंबड असते. आमच्याकडे राखी नंतर, आधी नारळ. समुद्र नाही तर नाही, आई मोठ्या तलावाला नारळ वाहायची. तिच्या माहेरची समजूत अशी, की सोडलेला नारळ काठाला परत लागला तर दर्याने तो घेतला नाही आणि त्या वर्षी होडी काढायची नाही. आता तलावाला कसली ओहोटी? वारा काठाकडे असला की नारळ मुकाट पायऱ्यांशी येऊन टकटक करायचा. "गोडं पाणी आहे, त्याला कुठलं कळतंय," असं म्हणून आई दरवर्षी सोडून द्यायची.

दोन वर्षांपूर्वी मामा राखीला पहिल्यांदाच भोपाळला आला. बर्फाच्या खोक्यात, खाडीत धरलेली अख्खी मुशी घेऊन. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून दारात हजर. "भाभीजी, आपके यहाँ कुछ मर गया क्या?" मामा म्हणाला, "मर गया नाय, मारा हाय!" आई कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसली.

घाटावर मात्र तिचं हसू गेलं. तलाव काठोकाठ भरला होता, वारा सुटला होता. तिने सोडलेला नारळ पुन्हा पायरीला लागला. तिने पुन्हा लोटला, तो पुन्हा आला. मामा दोन दिवसांनी परत जाऊन होडी काढणार होता. आईने त्याचा हात धरला. "दादा, या वर्षी नको जाऊस."

"बाय, यात मीठ नाय, भरती नाय. ही टाकी हाय," मामा म्हणाला. आईने त्याचा हात सोडला नाही. शेवटी तो वैतागला. "थांब, मीच आत नेऊन सोडतो. मग तरी जाऊ देशील ना?" आणि शर्ट काढला.

मी त्याला सांगितलं. "मामा, गोडं पाणी उचलत नाही. इथे पाठीवर पडून आराम करता येत नाही. खाली पाणवेलीही आहेत."

"पोरी, तू मना शिकवतेस?" साठी उलटलेला माणूस, पण दंड बघण्यासारखे. नारळ पुढे ढकलत तो सपासप आत गेला. बराच लांब जाऊन नारळ सोडला, आमच्याकडे बघून हात केला आणि दमल्यावर समुद्रात करतो तसा पाठीवर पडला. तिथेच चुकला. आधी पाय खाली गेले, मग कंबर. तो उलटा झाला, पाय मारले, ते वेलीत गेले. डोकं वर आलं, तोंड उघडं, आवाज नाही. मग दिसेनासा झाला.

"अरे, अंकल मस्ती कर रहे हैं," कुणीतरी म्हणालं. फोन वर उचलले गेले. आई पायरीवर छाती बडवून ओरडत होती, "सुटला, सुटला!" मी कपड्यांसकट उडी मारली.

मी त्याला मागून धरायला जात होते, पण तो गर्रकन वळला. माझे केस मुठीत धरले, गुडघे खांद्यांवर रोवले आणि मला खाली दाबून स्वतः वर चढला. नाकातोंडात पाणी गेलं. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्ताची चव आली, तरी सोडेना. वर आले तेव्हा त्याचे डोळे दिसले. त्यात मामा नव्हता. त्याने माझी मान दोन्ही हातांनी आवळली. मी त्याच्या गालावर ठोसा मारला, काही झालं नाही. दुसरा मारला. डोळ्यांपुढे काळोख यायला लागला आणि मला एवढाच शब्द आठवला, नाकावर. होता नव्हता तो सगळा जोर काढून मी कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज पाण्यातही येतो. त्याचे हात सैल पडले. मी त्याला पाठीवर वळवलं, पाय वेलीतून खेचून काढले, हनुवटीखाली हात घातला आणि ओढत आणलं.

पायरीवर तो ओकला. तोंड, छाती, सगळं रक्ताने माखलेलं. "बेटी, बुज़ुर्ग आदमी को ऐसे मारते हैं?" एक गृहस्थ मला म्हणाले. त्यांना मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आई पदराने मामाचं तोंड पुसत होती. तो माझ्याकडे बघत राहिला. "मारलंस," म्हणाला.

"तूच शिकवलंस."

त्याने मान खाली घातली. "बाय, त्याने पन मना असाच धरला होता. मानेला. मना मारता नाय आलं. धाकटा भाव, हात उचलला नाय माझा." त्याच्या नाकातून रक्त गळत होतं, ते त्याने पुसलं नाही. "मग माझा दम संपला. मी त्याची बोटं उघडली. एकएक करून."

आईचा पदर तिथेच थांबला. मग तिने त्याच्या थोबाडीत मारली. रक्ताचे थेंब माझ्या अंगावर उडाले. दुसरी मारली. मग दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. "मारायचं होतंस ना रे त्याला! मारायचं होतंस!" मी तिला अडवलं नाही, मला अडवायचं नव्हतं. लोकांचे फोन मात्र आता खाली आले.

तिचे हात थकले तेव्हा तिने पिशवीतून राखी काढली. ओल्या मनगटावर गाठ बसेना, म्हणून त्याचा हात मी धरला. माझ्या दातांच्या खुणांवरच ती बांधली गेली. नारळ पुन्हा पायरीशी येऊन लागला होता, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"आता सगळं सांग," आई म्हणाली. "शेवटी काय बोलला तो?"

मामा या वेळी उठून गेला नाही.