बक्षीस मिळालेला बाक

दर जूनमध्ये जगभरचे जाहिरातवाले आमच्या समुद्रकाठच्या गावात जमतात आणि आपण किती थोर आहोत हे आठवडाभर एकमेकांना सांगतात. मी सभागृहाच्या दारावर उभी राहून गळ्यातली ओळखपत्रं तपासते. अकरा वर्षं झाली. साबण विकणारा माणूस साबणाचं नावही न घेता पाऊण तास रडू शकतो, हे मी इथेच शिकले.

यंदा पहिल्यांदाच माझ्या ओळखीचं माणूस आत बसलं होतं. ओनोरा रेबो, चढणीवरचे माझे शेजारी. उभा जन्म बंदरात होड्या दुरुस्त करण्यात गेला. बोलायचे कमी, पण बोलले की समोरच्याला झोंबायचं. मागच्या दाराने मीच त्यांना आत घेतलं होतं.

कारण होतं बाक. चढणीच्या मध्यावर एक जुना लाकडी बाक होता. ओनोराकाकांच्या पत्नी, मिरेयकाकू, बाजारातून येताना त्यावर गुडघे चोळत बसायच्या आणि मगच उरलेला चढ चढायच्या. फेब्रुवारीत एक जाहिरात कंपनी आली. एकट्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारणारा बाक बसवायचा म्हणाली. जुना बाक चित्रात वाईट दिसतो म्हणून उखडून नेला. नवा चकचकीत बसवला, काकूंना त्यावर हसायला लावलं, तीन दिवस चित्रीकरण केलं आणि तोही ट्रकात घालून मंडळी पसार झाली. तेव्हापासून काकू खाली उतरल्याच नाहीत. बाजार बंद, मैत्रिणी बंद. काका गावच्या कचेरीत तक्रार घेऊन गेले, तर तिथल्या बाईने मोबाइलवर तीच जाहिरात दाखवली. "अहो, हा काय तुमचा बाक! काकू किती गोड दिसतात!"

त्या जाहिरातीला यंदा इथलं मोठं बक्षीस मिळालं होतं आणि कंपनीचं भाषण चारला होतं. पण बाहेर पडलेल्याला पुन्हा जागा मिळत नाही, म्हणून काका नऊपासून भाषांतराचं यंत्र कानाला लावून ठाण मांडून बसले. पहिला वक्ता अनवाणी आला.

काकांनी मला खुणेने बोलावलं. "याचे बूट कुठे गेले गं?"

"मुद्दाम काढलेत, काका. जमिनीशी नातं म्हणे."

"खाली गालिचा आहे की."

मग टूथपेस्टने जग वाचवणारी एक बाई झाली. त्यानंतरचा गृहस्थ भविष्य मौनाचं आहे यावर चाळीस मिनिटं बोलला. दुपारी काकांनी खिशातून मासा भरलेला पाव काढला. शेजारच्या पांढऱ्या बुटांच्या तरुणाने आदराने विचारलं, "तुमचं काम कशात?"

"होड्यांत."

"वा! कोणता ब्रँड?"

"ब्रँड नाही रे बाबा. होड्या."

त्याने ते वहीत लिहून घेतलं.

चार वाजता पडद्यावर मिरेयकाकू आल्या, दोन मजले उंच. खाली आकडे धावत होते. नव्वद कोटी हृदयांना स्पर्श. एकटेपणात निम्म्याने घट. कुणाचा एकटेपणा मोजला कुणास ठाऊक, चढणीवर आम्ही चौदा घरं! मला संताप आला होता. कंपनीचा वक्ता रूपर्ट डोळे पुसत म्हणाला, "कुणाला काही विचारायचंय?"

काका उठले. "बाक कुठाय?"

रूपर्टने छातीवर हात ठेवला. "बाक आता आपल्या सगळ्यांच्या मनात आहे."

टाळ्या पडल्या.

"माझ्या बायकोचे गुडघे मनात नाहीत," काका म्हणाले. "पायात आहेत. तुझ्या पडद्यावरची ती बाई चार महिने घराबाहेर पडलेली नाही."

मग सगळं सभागृह उभं राहिलं. कंपनीनेच हा म्हातारा आणून बसवलाय, अशी त्यांची खात्री झाली. लोक रडत होते, मोबाइल उंचावत होते. रूपर्टही काही कच्चा नव्हता. "हेच मिरेयचे पती!" म्हणत त्याने काकांना मंचावर ओढून मिठी मारली.

काकांनी ती मिठी सोडवली. रूपर्टची खुर्ची उचलून पाहिली, सांधे दाबून पाहिले. लाकूड चांगलं होतं. खुर्ची खांद्यावर घेतली आणि ते मधल्या वाटेने चालू लागले. कुणी अडवलं नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

दारात मी होते. सभागृहातली वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, हे माझं काम.

"अडवतेस का?" काकांनी विचारलं.

मी दाराची दोन्ही कवाडं उघडली.

पाचला माझी पाळी संपली. मी पोचले तेव्हा खुर्ची चढणीच्या मध्यावर होती. भिंतीला धरून, एकेक पायरी करत काकू वरून उतरत होत्या. बसल्या, तर पाय लोंबकळायला लागले.

"उंच झाली हो जरा," काकू ओशाळून म्हणाल्या.

काका घरात जाऊन करवत घेऊन आले. काकूंना माझ्या आधाराने उभं केलं, खुर्ची उलटी केली आणि चारही पाय चार-चार बोटं कापून टाकले. काकू पुन्हा बसल्या. टाचा जमिनीला टेकल्या.

"आता उद्या बाजारात जाईन," त्या म्हणाल्या.