बाहेरची कडी

कुलूपवाला आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघाला तो चक्क सुट्टीसाठी, तरी बायकोच्या दोन चांगल्या कपड्यांची जागा खाऊन त्याच्या बॅगेत हत्यारांची गुंडाळी होतीच. “दोन-चार दारं कुरकुरतात, येताना सामान आण,” असं दोस्त फोनवर म्हणाला होता. बायको म्हणाली, “जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही. न्या, विमानात कुणाचं दार अडकलं तर उपयोगी पडाल.” बारा वर्षांनी दोस्त भेटणार म्हणून स्वारी इतकी खुशीत होती, की हे टोमणेही त्याला गोड लागले.

विमानतळाच्या दाराशी दोस्त उभा होता. लहानपणापासून सगळे त्याला लंबू म्हणत. शेजारी त्याची बायको. तीही यांच्याच गल्लीतली, दोघांबरोबर खेळून वाढलेली. चालण्यात, बोलण्यात, जेवण्यात सदा गडबड, म्हणून तिचं नाव घाई पडलं ते कायमचं. लंबूने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. कुलूपवाल्याच्या बायकोने चौदा वर्षांच्या लेकीला कोपराने ढोसलं. “बघ, याला म्हणतात प्रेम. तुझे बाबा रस्ता ओलांडताना मागे वळूनसुद्धा बघत नाहीत.” सगळे हसले. घाई सगळ्यांत मोठ्याने हसली आणि कुलूपवाल्याला गल्लीतल्या नावाने म्हणाली, “किल्ल्या! कधी आलास?” गाडीत बसल्यावर तिने पुन्हा तेच विचारलं. घर येईपर्यंत चार वेळा विचारून झालं.

लोक दुसऱ्याच्या घरी गेले की माणसं बघतात, भिंतींवरचे फोटो बघतात. कुलूपवाला दारं बघायचा. आणि एकही दार कुरकुरत नव्हतं. मागच्या खोलीच्या दाराला मात्र, बाहेरच्या अंगाने, खांद्याच्या उंचीवर पुट्टी भरून बुजवलेली भोकं होती. चार दारावर, चार चौकटीवर. वर रंगाचा हात फिरवला होता, पण ज्याने उभं आयुष्य भोकं पाडण्यात घालवलं त्याच्यापासून ती काय लपणार! भोकांच्या कडेचं लाकूड फाटलेलं होतं. स्क्रू कुणी फिरवून काढले नव्हते, आतून धक्के मारून उपटले होते. स्वयंपाकघरात शेगडीला बटणं नव्हती. ती लंबूच्या खिशात वाजत असत. पण पाहुण्याने पहिल्याच दिवशी विचारायचं तरी काय?

तीन दिवस ते सगळे फिरले. बागा झाल्या, वस्तुसंग्रहालय झालं, होडीतून चक्कर झाली. फोटो काढताना लंबू एका हाताने हसायची खूण करायचा आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवायचा. आता त्यावर कुणी थट्टा करत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी बायका अंगणात कपडे वाळत घालत होत्या. लंबूने टेबलावर एक जाडजूड लोखंडी कडी ठेवली. सोबत स्क्रूच्या दोन पुड्या, एक आखूड, एक लांब.

“मागच्या खोलीला,” तो म्हणाला. “बाहेरून.”

कुलूपवाल्याचं डोकंच फिरलं. त्याच्या बापाचा एक नियम होता. तिजोरीला लाव, गोदामाला लाव, पण आत माणूस असेल त्या दाराला बाहेरून कडी लावायची नाही. त्याने तो पाळला होता. एकदा एका कारखानदाराने कामगारांच्या झोपायच्या खोलीला बाहेरून कुलूप मागितलं, तेव्हा हा पायऱ्या उतरून चालता झाला होता. ही गोष्ट त्याने नंतर भेटेल त्याला ऐकवली, आणि प्रत्येक वेळी पायऱ्या दोन-चार वाढत गेल्या.

“बाबांनी काय सांगितलं होतं, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. पायऱ्यांसकट तोंडपाठ आहे. म्हणून तर फोनवर बोललो नाही.”

“म्हणजे सुट्टीचं आमिष दाखवून मला यासाठी आणलंस?”

“यासाठी आणलं,” लंबू म्हणाला. “तुला भेटायचंही होतं.”

मग त्याने सांगितलं. दोन वर्षांपासून तिचं डोकं रिकामं होत चाललंय. तो रुग्णालयाच्या धुलाईखान्यात सकाळी जातो, दुपारी येतो. तेवढ्या वेळात ती निघते. कुठं, ते तिलाही माहीत नसतं. गेल्या महिन्यात अनवाणी पुलावर सापडली. पोलीस म्हणाले, पुन्हा सापडली तर आम्हीच तिला अशा रोग्यांच्या घरात नेऊन ठेवू.

“मग ठेव ना! बरं असेल तिथं.”

“ठेवून पाहिलं. बाराव्या दिवशी ती बोलायची थांबली. आपली घाई, एक शब्द नाही. उचलून घरी आणली.” लंबूने डोळे पुसले नाहीत, ते नुसतेच वाहू दिले. “मी लावलेली कडी तिने उपटली. इथला एक कारागीर बोलावला. त्याने विचारलं, आत कोण असतं? मला खोटं बोलता आलं नाही. गडी सामान उचलून निघून गेला.”

“शहाणा माणूस.”

“शहाणाच. पण दुसऱ्या दिवशी तिला शोधायला तो आला नव्हता.”

कुलूपवाल्याने कडी परत सरकवली. “माझ्याच्याने होणार नाही,” एवढं बोलून तो अंगणात गेला. दोस्तीला त्या दिवशी तडा गेला असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी लंबूची रजा संपली. “भाऊजी, खुशाल जा, आम्ही तिघं आहोत ना,” कुलूपवाल्याची बायको म्हणाली. अकराच्या सुमारास कुलूपवाला कोपऱ्यावर दूध आणायला गेला आणि बायको दोन मिनिटं न्हाणीघरात. तेवढ्यात घाई निघाली. लेकीने खिडकीतून पाहिलं, धावत सुटली आणि मालमोटारीच्या तोंडासमोर घाईआत्याची बाही पकडली. बाही फाटून हातात आली, पण माणूस वाचला. कुलूपवाला दुधाची पिशवी घेऊन येतो तो पोरगी फाटकी बाही मुठीत धरून फूटपाथवर बसलीय आणि घाई तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारतेय, “कुणाची गं तू?”

संध्याकाळी बायकोने त्याला बाजूला घेतलं. “कडी लावा.”

“बाबांनी—”

“मामंजी आज इथं नव्हते. आपली लेक होती.”

स्क्रूच्या दोन्ही पुड्या त्याने हातात घेऊन बघितल्या. एक पळवाट मात्र होती. आखूड स्क्रू चौकटीच्या फळीत जेमतेम बसतात, कुणी जीव तोडून ढकललं तर दहा-वीस धक्क्यांत सुटतात. लांब स्क्रू फळी ओलांडून भिंतीत रुततात, मग हत्ती आला तरी हलत नाहीत. आखूड लावावेत. लंबूला कडी मिळेल, आणि आत खरोखरच कोंडलेल्या माणसाला वाट राहील. साप मरावा, काठीही मोडू नये. असा विचार करून तो सकाळी कामाला बसला. लंबू त्या दिवशी उशिरा निघणार होता, तो भिंतीला टेकून उभा राहिला.

घाई कुलूपवाल्याजवळ मांडी घालून बसली. गल्लीत कुणी काही दुरुस्त करायला बसलं की ती अशीच येऊन बसायची. स्क्रूच्या पुड्या तिने मांडीवर घेतल्या.

“दे गं,” तो म्हणाला. “आखूडवाला.”

तिने आखूड स्क्रू उचलला, बोटांत फिरवून बघितला आणि नाक मुरडलं. “हा? हा काय टिकतोय! मागचे असेच होते. मी काढले, धक्के मारमारून.” ती शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने त्याच्याकडे बघत राहिली. “हा घे. काम कसं पक्कं हवं.” आणि तिने लांब स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला.

कुलूपवाल्याने लंबूकडे पाहिलं. लंबूने मान खाली घातली. मग कुलूपवाल्याने तो स्क्रू लावला. दुसरा लावला. चौकटीचे चारही लांबच लावले, आणि प्रत्येक स्क्रू घाईने त्याच्या हातात दिला.

स्वतः ढकलून बघितल्याखेरीज काम झालं असं तो कधी म्हणत नसे. तो आत गेला आणि लंबूला म्हणाला, “लाव.” घाई घाईघाईने त्याच्या मागोमाग आत शिरली. बाहेर कडी सरकली. कुलूपवाल्याने खांदा टेकवून जोर लावला, मग दोन पावलं मागे जाऊन धडक दिली. दार जागचं हललं नाही. काम पक्कं झालं होतं. आयुष्यात स्वतःच्या हाताची इतकी शिसारी त्याला कधी आली नव्हती.

तो तसाच दाराला कपाळ टेकून उभा राहिला. पाठीवर हात पडला.

“अडकलास, किल्ल्या?” घाई हलक्या आवाजात म्हणाली. “घाबरू नकोस. आधी आधी रडू येतं. मग नाही येत. बसून राहायचं फक्त. दुपारी तो येतो.” ती पलंगावर एका कडेला सरकली आणि त्याच्यासाठी जागा करून दिली.

“काय रे, झालं का?” बाहेरून लंबूने विचारलं. “उघडू?”

कुलूपवाला पलंगावर तिच्या शेजारी बसला.

“इतक्यात कुठे,” आतून घाईनेच उत्तर दिलं. “अजून दुपार व्हायचीय.”